चौथा नकाशा

'टेक्झोडस' : स्पीकर म्युझिक. प्लॅनेट म्यू, २०२३.

टेक्नो म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांचं तोंड वाकडं होतं. पबमधलं संगीत. पैसेवाल्यांची पोरं रात्रभर अंधारात हलतात ते. त्याच्याशी आपला काय संबंध? असं विचारणाऱ्या दोस्ताला आधी एवढंच सांगतो, की हे संगीत ज्यांनी काढलं ती अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातली काळी पोरं होती. मोटारींच्या कारखान्यांच्या शहरातली. ज्या शहरात फोर्ड, क्रायस्लर, जनरल मोटर्सच्या पाळीवर घरं चालायची आणि पाळी बंद झाली की घरं बसायची, त्या शहरातली. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर दोष तुमचा नाही. जाहिरात आणि इतिहास ज्यांच्या हातात होता त्यांनी ते तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

डिफॉरेस्ट ब्राउन ज्युनिअर हा काळा अमेरिकन लेखक आणि संगीतकार गेली काही वर्षं हेच उकरून काढतोय. टेक्नो पुन्हा काळं करा, अशा अर्थाची घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. २०२२ साली त्याचं 'असेंब्लिंग अ ब्लॅक काउंटर कल्चर' हे जाडजूड पुस्तक आलं. त्यात त्याने टेक्नोचा इतिहास क्लबपासून सुरू केलेला नाही. गुलामी, कारखाना आणि काळ्यांची मजुरी यांतून सुरू केला आहे. 'स्पीकर म्युझिक' या नावाने तो रेकॉर्ड काढतो. २०२०च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइडला मिनियापोलिसच्या पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्याचा 'ब्लॅक नॅशनॅलिस्ट सॉनिक वेपनरी' आला. नावातच शस्त्र. त्यानंतरचा हा 'टेक्झोडस'. टेक्नो आणि एक्झोडस हे दोन शब्द सांधून केलेलं नाव. एक्झोडस म्हणजे गुलामीतून अख्ख्या जमातीने उठून बाहेर पडणं.

हा रेकॉर्ड एका जुन्या आवाजाच्या खांद्यावर उभा आहे. तो आवाज डेट्रॉईटच्याच 'ड्रेक्सिया' नावाच्या जोडीचा. ड्रेक्सिया कळली नाही तर 'टेक्झोडस' हा नुसता गोंगाट वाटेल. म्हणून आधी तिकडे जाऊ.

*

ड्रेक्सिया म्हणजे जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड. १९९२ साली 'डीप सी ड्वेलर' ही त्यांची पहिली तबकडी निघाली. नावं झाकून, चेहरे झाकून त्यांनी काम केलं. डेट्रॉईटमध्येच माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी उभी केलेली 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' नावाची टोळी होती. तिचीही हीच रीत. आमचं तोंड बघू नका, काम ऐका. ड्रेक्सियाच्या काही तबकड्या या टोळीनेच काढल्या. स्टिन्सन पोटासाठी ट्रक चालवायचा. २००२च्या सप्टेंबरात, पस्तिशीही न गाठता, तो गेला.

त्यांचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. खाली खर्जाची ओळ, कोरडी, चिवट, पळती. वर सिंथेसायझरचे थेंब आणि बुडबुडे. मधेच पाणबुडीतल्या यंत्रासारखी टिकटिक. १९९३च्या 'बबल मेट्रोपोलिस'मध्ये एक बाई बंदरावरच्या घोषणेसारखं बोलते. जणू समुद्राच्या तळाशी शहर आहे, आणि तिथे रोजची रहदारी चालू आहे.

हे शहर कुणाचं, ते १९९७ साली कळलं. 'द क्वेस्ट' नावाचा त्यांचा संग्रह निघाला. त्याच्या आतल्या पानावर एक मजकूर होता. खाली सही 'अज्ञात लेखक'. मजकुराचा आशय असा : गुलामांच्या जहाजांवरून आजारी आणि त्रासदायक ठरलेल्या गरोदर आफ्रिकन बायांना समुद्रात फेकत. पोटातलं पोर तर आईच्या पाण्यातच जगत असतं. त्याला हवा ठाऊक नसते. मग त्या पोरांनी समुद्रातच जन्म घेतला असेल तर? त्यांना हवा कधी लागलीच नसेल तर? त्यांचंच आज पाण्याखाली राष्ट्र असेल तर?

त्याच संग्रहात चार नकाशे होते. पहिला, १६५५ ते १८६७ च्या गुलामांच्या व्यापाराचा. दुसरा, १९३०-४०च्या काळात खेड्यातले काळे उत्तरेकडच्या शहरांत गेले त्या वाटेचा. तिसरा, १९८८ साली टेक्नो डेट्रॉईट सोडून जगभर पसरलं त्याचा. आणि चौथा, घरी परतण्याचा. त्याच्यापुढे साल नाही. तिथे नुसतं 'भविष्य' असं लिहिलंय.

माझ्या मते 'टेक्झोडस' हा त्या चौथ्या नकाशावर रेघ ओढायचा प्रयत्न आहे. ती रेघ कितपत जमली, हाच या लेखाचा विषय. पण पहिले तीन नकाशे वाचल्याशिवाय चौथ्याचं मोल कळायचं नाही.

*

पहिला नकाशा पाण्याचा. इतिहासकारांचा हिशेब असा, की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजात कोंबली गेली आणि पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे एक कोटी सात लाख. मधली अठरा-एक लाख वाटेतच संपली. १७८१ साली 'झाँग' नावाच्या इंग्रज जहाजावरून १३०च्या वर माणसं जिवंतपणी समुद्रात ढकलली. कारण दिलं की पिण्याचं पाणी संपत आलंय. परतल्यावर मालकांनी त्या माणसांच्या विम्याचे पैसे मागितले. १७८३ साली लंडनच्या कोर्टात खटला उभा राहिला. तो खुनाचा नव्हता. विम्याचा होता. मालाची नुकसानी कुणी भरायची, एवढाच वाद.

ड्रेक्सियाचं मोठेपण इथे दिसतं. बुडवलेली गरोदर बाई हा विषय कुणा कनवाळू लेखकाच्या हाती पडला असता तर काय झालं असतं? त्याने रडं काढलं असतं. वाचणाऱ्याने डोळे पुसले असते आणि पान उलटलं असतं. आपण हे आपल्याकडे पुष्कळ पाहिलंय. पांढरपेशाला आपलं दुःख फार आवडतं, फक्त आपण मेलेलं असावं. ड्रेक्सियाने रडं नाकारलं. मेलेल्याला त्यांनी जिवंत केलं, आणि नुसतं जिवंत नाही तर शास्त्रज्ञ केलं, शिपाई केलं, शहर बांधणारं केलं. ज्या पाण्यात मारलं तेच पाणी त्यांचा मुलूख झालं. दया मागायची जागाच शिल्लक ठेवली नाही.

आणि हे त्यांनी शब्दांत नाही, आवाजात केलं. तो मजकूर संग्रहाच्या पानावर १९९७ला आला. त्याआधी पाच वर्षं लोक त्या खर्जावर नाचतच होते.

*

दुसरा नकाशा कारखान्याचा. १९१३ साली फोर्डने डेट्रॉईटजवळ हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा आणला. १९१४ साली दिवसाला पाच डॉलरची घोषणा केली. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, जमीनदाराच्या आणि जमावाच्या दोरीखालून सुटलेले काळे लोक उत्तरेकडे निघाले. त्यांना काम मिळालं, पण कुठलं? ओतकामाच्या भट्टीपुढचं. रंगफवारणीचं. धूर, वाफ, उष्णता जिथे असेल तिथलं. चांगली खाती गोऱ्यांना.

आपल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाटतं म्हणून सवर्ण कामगार अडवायचे. पगार तर त्याच खात्यात जास्त. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. यंत्र जात बघत नाही असं म्हणतात. यंत्रापुढे उभं कुणाला करायचं हे ठरवणारा बघतो.

१९६७च्या जुलैत डेट्रॉईट पेटलं. ४३ माणसं मेली. १९६८ साली क्रायस्लरच्या डॉज कारखान्यात काळ्या कामगारांनी स्वतःची क्रांतिकारी संघटना काढली. तिच्या नावाची आद्याक्षरं जोडली की 'ड्रम' होतं. ढोल. त्यांच्या भांडणातली मुख्य गोष्ट काय होती? पट्ट्याचा वेग. मालक म्हणायचा उत्पादन यंत्रामुळे वाढलं. कामगार म्हणायचे, यंत्र तेच आहे, पट्टा तेवढा जोरात सोडलाय आणि काळ्याला जास्त रेटलंय.

पुढे कारखाने हलले, मिटले. १९५० साली साडेअठरा लाखांचं डेट्रॉईट २०२० साली सहा लाख चाळीस हजारांच्या आत आलं. २०१३ साली महापालिकेने दिवाळं जाहीर केलं. गाण्याचंही तेच. बेरी गॉर्डी आधी मोटारीच्या पट्ट्यावर कामाला होता. १९५९ साली त्याने मोटाऊन कंपनी काढली आणि पट्ट्यावरच्या मोटारीसारखीच गाणी घडवली. १९७२ साली तीही उठून लॉस एंजेलिसला गेली.

मागे राहिलेल्या पोरांनी जे हाती लागलं ते घेतलं. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं. त्याचा आवाज खऱ्या ढोलासारखा नाही म्हणून बड्या वादकांनी नाक मुरडलं. १९८३ साली कंपनीने ते बंद केलं. सुमारे १२ हजारच नग निघाले असतील. मग जुन्या बाजारात त्याची किंमत पडली आणि ते गरिबाच्या हाती आलं. १९८१ साली डेट्रॉईटचा हुआन अ‍ॅटकिन्स आणि व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला रिचर्ड डेव्हिस यांनी 'सायबोट्रॉन' या नावाने पहिली तबकडी काढली. त्यांच्या कानावर जर्मनीचं 'क्राफ्टवेर्क' होतं. डेट्रॉईटचा काळा रेडिओवाला, 'इलेक्ट्रिफाइंग मोजो', ते रात्री लावायचा. म्हणजे शुद्ध रक्ताची गोष्ट इथे कुठेच नाही. जपानी यंत्र, जर्मन सूर, काळा हात. सोवळ्यातलं संगीत नव्हे हे.

गोरे समीक्षक लिहितात की टेक्नो म्हणजे कारखान्याचा आवाज. ज्याने कारखान्यात पाळी केली नाही तोच असं लिहू शकतो. खात्यात यंत्राचा वेग मालक ठरवतो आणि तुमचं अंग त्याच्या मागे धावतं. सूत तुटलं तर तुम्ही पळायचं. यंत्र थांबणार नाही. ८०८ वर वेगाचं बटण वाजवणाऱ्याच्या हातात असतं. एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. 'ड्रम'वाल्यांनी पट्ट्याच्या वेगासाठी संप केले. त्यांच्या मागून आलेल्या पोरांनी वेगाचं बटणच हातात घेतलं. टेक्नोचं राजकारण शोधायचं तर ते इथे आहे. गाण्याच्या शब्दांत ते सापडणार नाही, कारण बहुतेक ठिकाणी शब्दच नाहीत.

*

तिसरा नकाशा निर्यातीचा. १९८८ साली इंग्लंडमध्ये 'टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉईट' हा संग्रह निघाला आणि नाव जगभर झालं. पुढच्या वर्षी बर्लिनची भिंत पडली. १९९१ साली बर्लिनमध्ये जुन्या वेर्टहाइम दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीत 'ट्रेझोर' क्लब सुरू झाला. त्याच्या कंपनीची पहिली तबकडी अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्याच लोकांची होती. ड्रेक्सियाचा 'नेपच्यून्स लेअर' हा १९९९चा रेकॉर्डही ट्रेझोरनेच काढला. हे मुद्दाम सांगतो, कारण बर्लिनने नुसतंच लुटलं असं म्हणणं खोटं होईल. स्वतःच्या देशात ज्यांना विचारत नव्हते त्यांना तिथे गर्दी मिळाली, भाकरी मिळाली.

पण पुढे काय झालं बघा. १९९९ साली अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या डीजे रोलँडोची 'नाईट्स ऑफ द जॅग्वार' ही तबकडी गाजली. सोनीच्या जर्मन शाखेने परवानगी न घेता तिची सुरास सूर नक्कल करवली. निषेधाची राळ उठली. म्हणजे माणूस नको, त्याचा आवाज पाहिजे. आणि २०२४च्या मार्चमध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. बर्लिनच्या पोरांनी मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. पण वारसा हा शब्द बघा. कुणाचा वारसा, कुणाच्या सातबाऱ्यावर?

ड्रेक्सियाच्या बाबतीत तर हे आणखी बारीक पातळीवर झालं. त्यांच्यासारखा खर्ज, त्यांच्यासारखे बुडबुडे असलेल्या तबकड्या युरोपात पुष्कळ निघाल्या. अजून निघतायत. कान तयार असलेला माणूस त्या ऐकून खूश होतो. पण त्यांनी बुडबुडे घेतले आणि जहाज टाकलं. त्यात ती बाई नाही. पाणी आहे पण त्यात कुणी बुडालेलं नाही.

*

आता 'टेक्झोडस'कडे येऊ.

ब्राउनने पहिली चांगली गोष्ट ही केली की त्याने नक्कल केली नाही. ड्रेक्सियाचा तो पळता खर्ज इथे शोधाल तर मिळणार नाही. नेमाने पडणारा ठोकाही नाही. ढोलांचे थर एकमेकांवर कोसळतात. एक लय धरावी तर दुसरी तिला धक्का देते. ठोके पट्टीने आखून बसवलेले वाटत नाहीत, हाताने मारल्यासारखे, दम लागल्यासारखे वाटतात. मागे सूर धुक्यासारखे पसरलेले. आपल्याकडे ताशाची तर्री ज्यांनी जवळून ऐकलीय त्यांना ही दाटी ओळखीची वाटेल.

पहिल्यांदा ऐकताना वैताग येतो. येऊ द्या. रिंग फ्रेमच्या खात्यात नवा बदली कामगार येतो तेव्हा त्याला नुसता कल्ला ऐकू येतो. महिन्याभराने त्याच कल्ल्यात कुठला पट्टा सैल आहे, कुठलं बेअरिंग वाजतंय, हे त्याला न बघता कळतं. कान शिकतो. या रेकॉर्डलाही तसाच कान लागतो. चौथ्या-पाचव्या खेपेला थर वेगळे व्हायला लागतात. मग कळतं की हा गोंधळ नाही, ही बरीच माणसं एकदम बोलतायत.

आणि वेगाचं जे मी वर म्हणालो त्याची पुढची पायरी इथे आहे. जुन्या पोरांनी वेगाचं बटण हातात घेतलं, पण एकदा वेग ठरवला की यंत्र त्या वेगाने नेमाने चालायचं. ब्राउन तो नेमच नाकारतो. घड्याळालाच नकार देतो. पाळीच्या भोंग्यावर ज्यांच्या पिढ्या उठल्या आणि निजल्या, त्यांच्यातला एक जण म्हणतो की मी आता मोजणार नाही. हा नकार मला खरा वाटतो. तो शोभेचा नाही.

दुसरी गोष्ट, त्याने ड्रेक्सियाची कथा पुढे नेली. स्टिन्सनच्या शेवटच्या वर्षात, २००२ साली, 'ग्रावा ४' हा ड्रेक्सियाचा रेकॉर्ड आला. त्यात ही पाण्याखालची प्रजा तळ सोडून आकाशाकडे वळली होती. 'टेक्झोडस'मधल्या एका तुकड्याचं नाव आहे 'अवर स्टारशिप टू ओशिया सिन्डोर'. हे गाव ड्रेक्सियाच्याच कल्पनेतलं आहे. म्हणजे ब्राउन तिथूनच पुढे चालू लागतो जिथे स्टिन्सन थांबला. पहिल्या नकाशातलं जहाज माणसाला गुलामीत नेणारं होतं. इथलं जहाज 'आपलं' आहे. नावातला तो 'आपलं' शब्द फुकट आलेला नाही.

इथवर मी ब्राउनच्या बाजूने आहे. पुढे नाही.

माझं भांडण असं आहे. या रेकॉर्डमध्ये अंगाला शिरायला दार नाही. ड्रेक्सियाची तबकडी लावली की ज्याला गुलामांच्या जहाजाचा ग सुद्धा ठाऊक नाही तोही हलायला लागतो. आधी पाय हलतात, मग डोकं विचारतं की हे पाणी कुठलं. कथा मागून येते. आठ तास स्टिअरिंग धरून आलेल्या माणसाने, तसल्याच दमलेल्या माणसांसाठी बनवलेलं ते संगीत आहे. त्याला ठाऊक होतं की दमलेल्या अंगाला आधी काहीतरी द्यावं लागतं. 'टेक्झोडस'मध्ये उलट आहे. आधी नावं, आधी विचार, आधी पुस्तक. ज्याने ते वाचलंय त्याला रेकॉर्ड उघडतो. ज्याने वाचलं नाही तो बाहेर उभा राहतो. काही तुकड्यांत ढोल इतके दाटतात की श्वास घ्यायची फट राहत नाही. आणि गोष्ट तर श्वासाची होती. पाण्यात श्वास घेता येतो, हेच ड्रेक्सियाचं सांगणं होतं.

कुणी म्हणेल, नाचणं ही मालकांनी दिलेली गुंगी आहे, ब्राउनने ती मोडली ते बरंच केलं. मला हे पटत नाही. नाचणाऱ्याला कमी लेखायची सवय वरच्यांची आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आपली पोरं खर्जावर नाचतात तेव्हा नाकं मुरडणारे कोण असतात ते आठवा. वर्षभर मान खाली घालून राबणारं अंग एक दिवस रस्ता अडवून मोकळं होतं, त्याला नुसता धिंगाणा म्हणणं सोपं आहे. आपल्यातलेही काही शिकलेले आता तसंच म्हणायला लागलेत. डेट्रॉईटच्या पोरांना अंग आणि डोकं ही दोन वेगळी खाती करायची नव्हती. ब्राउनच्या रेकॉर्डमध्ये ती थोडी वेगळी झालीत. डोक्याचं खातं भरलेलं, अंगाचं रिकामं.

तरीही, नक्कल करून गोड वाटण्यापेक्षा अडखळून पुढे जाणं मी पसंत करतो. हा रेकॉर्ड अडखळतो, पण पुढे जाताना अडखळतो.

*

शेवटी, हे सगळं आपल्या अंकात कशाला?

एक तर ओळख जुनी आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तर आलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते १९६६च्या ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. आपण त्यांची पुस्तकं वाचली, त्यांच्या सभांची भाषा घेतली. त्यांच्या यंत्रांचा आवाज मात्र आपण पबवाल्यांना सोडून दिला.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. आधीच्या पिढीने मोठा आवाज काढला की मागून येणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न ब्राउनपुढे आहे तसाच आपल्यापुढे आहे. आपल्यात आजही अशा कविता ढिगाने येतात ज्यांत सत्तरच्या दशकातले शब्द जसेच्या तसे उचललेले असतात. तोच अंधार, तोच सूर्य, तीच शिवी ठरलेल्या जागी. वाचताना रक्त तापायला हवं, ते तापत नाही. कारण शब्द आले आणि ज्यातून ते शब्द फुटले ते मागे राहिलं. बुडबुडे घेतले, जहाज टाकलं, हे फक्त युरोपातल्या गोऱ्यांनाच लागू आहे असं समजू नका.

आधीच्यांचा आवाज उसना घेता येतो. त्यांनी विचारलेला प्रश्न उसना घेता येत नाही, तो आपला करावा लागतो आणि आपल्या काळाच्या भट्टीत पुन्हा तापवावा लागतो. ब्राउनने हे केलंय, आणि करताना जे सांडलं तेही त्याच्या रेकॉर्डमध्ये उघड दिसतं. म्हणून तो ऐकायचा.

ऐकायची रीत सांगतो. फोनच्या बारक्या स्पीकरवर ऐकू नका, खर्ज मरतो आणि मग काहीच उरत नाही. कुणाकडे बरे स्पीकर असतील तिथे चार-सहा जण जमा. आधी 'नेपच्यून्स लेअर' लावा. बोलू नका, अंग हललं तर हलू द्या. मग ते चार नकाशे कागदावर काढा आणि जहाजाची गोष्ट एकाने सांगा. मग 'टेक्झोडस' लावा, पूर्ण, मधे न थांबवता. आवडला नाही तर भांडा. पण भांडताना एका प्रश्नाचं उत्तर द्या. चौथ्या नकाशावर अजून साल पडलेलं नाही. ते तुमच्या मते कुणी घालायचं, आणि ते घालताना दमलेल्या माणसाला बरोबर कसं न्यायचं? उत्तर लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.